सुट्टी झाल्यानंतरचा रुग्ण



अंतःस्रावी ग्रंथींच्या गाठींची शस्त्रक्रिया हा विषय केशोरीसारख्या गावच्या दवाखान्यात कशाला, असं काहींनी विचारलं. उत्तर सरळ आहे. ऑपरेशन नागपूरला किंवा गोंदियाच्या मेडिकलला होतं. त्याचे हार्मोनवरचे परिणाम मात्र रुग्ण गावी परतल्यावर दिसतात आणि आधी तुमच्याच ओपीडीत येतात.

हे जुनंच आहे. बर्नच्या थिओडोर कोखर यांनी १८७४ मध्ये गलगंड झालेल्या ११ वर्षांच्या मुलीची थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढली. जखम छान भरली. पण मुलगी सुस्त आणि मंद होत गेली. ते आधी लक्षात आलं तिला पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या. पुढे कोखर यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासलं, तर संपूर्ण ग्रंथी काढलेल्या १८ जणांपैकी १६ जणांची तीच गत. १८८३ मध्ये बर्लिनच्या शल्यचिकित्सक परिषदेत त्यांनी हे उघडपणे मांडलं. १९०९ चं नोबेल मिळालेल्या या माणसाची हीच गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते.

आज थायरॉक्सिनची गोळी आहे. ती उपाशीपोटी, रोज, आयुष्यभर घ्यायची आणि कॅल्शियमच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायची. रुग्ण ‘बरं वाटतंय’ म्हणून ती सोडतो, आणि त्रास काही आठवड्यांनी हळूहळू सुरू होतो.

पॅराथायरॉइडचं तसं नाही. गव्हाच्या दाण्याएवढ्या या ग्रंथी थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या असतात. त्या दुखावल्या किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला, की पहिल्या दोन-तीन दिवसांतच कॅल्शियम उतरतं. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. बीपीचा पट्टा फुगवून तीन मिनिटं ठेवला, तर मनगट वळतं आणि बोटं एकत्र जुळून ताठ होतात. घरचे म्हणतात, बाहेरचं काही लागलं. रुग्णाच्या गळ्यावरची ताजी खूण बघा, म्हणजे निदान हाती येईल.

तिसरा धोका अॅड्रिनलचा. अंगदुखीच्या, गुडघेदुखीच्या पुड्यांतून महिनोन्महिने स्टेरॉइड पोटात गेलं, की ही ग्रंथी सुस्तावते. मग साध्या हर्नियाच्या ऑपरेशननंतरही बीपी कोसळतं आणि सलाईनवर सलाईन चढवूनही वर येत नाही. म्हणून ऑपरेशनपूर्वी ‘कसल्या गोळ्या घेता?’ एवढं विचारून भागत नाही. पुडी आणायला सांगा.

आता मुद्द्याचं. कॅल्शियम उतरलं किंवा अॅड्रिनल सुस्तावली, तर त्यावरचं औषध तुमच्याकडेच आहे. कॅल्शियम ग्लुकोनेट तुमच्या प्रसूतिगृहातल्या ट्रेमध्ये आहे, मॅगसल्फवरचा उतारा म्हणून. हायड्रोकॉर्टिसोन लसीकरणाच्या आपत्कालीन किटमध्ये आहे. पहिलं १० टक्क्यांचं, १० मिलि, पातळ करून दहा मिनिटांत सावकाश. घाई केली तर हृदयाचे ठोके बिघडतात. दुसरं मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम शिरेतून, लगेच. त्यानंतर अॅम्ब्युलन्स. औषधं हाताशी असताना रुग्ण रस्त्यात दगावतो, कारण काय काढलं हे तुम्हाला कुणी कळवलेलंच नसतं.

तो दोष आम्हा सर्जन मंडळींचा. म्हणून माझी सूचना अशी: प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर मराठीत तीन ओळी असाव्यात. कोणती ग्रंथी काढली, कोणती गोळी कधीच बंद करायची नाही, आणि कोणतं लक्षण दिसलं की त्याच रात्री दवाखाना गाठायचा. खाली सर्जनचा मोबाइल नंबर. कार्डावर एवढं नसेल, तर फोन करून आम्हाला जाब विचारा. तो तुमचा हक्क आहे.