तीन दिवसांची परीक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्य, बचत, मुलांचा अभ्यास अशा विषयांवर बोलण्याची आपली वहिवाट आहे. मी घोड्यावर बोलणार असे कळताच पुढच्या रांगेतल्या काकू हसून म्हणाल्या, "अगं, हा विषय सारंगखेड्याच्या व्यापाऱ्यांचा!" काकू, सुरुवातही तिथूनच करते.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. आपण एकमुखी दत्ताचे दर्शन घेतो, खरेदी करतो आणि घोडेबाजार लांबून पाहतो. तिथे गिऱ्हाईक काय करते? दात पाहून वय ठरवते, अंगावरचे भोवरे पाहते, रेवाल चालीवर पळवून पाहते, आणि मग सौदा होतो. घटकाभराची परीक्षा. हीच परीक्षा तीन दिवस घेतली, आणि तिला घोड्याबरोबर स्वारालाही बसवले, तर जो खेळ होतो त्याला इव्हेंटिंग म्हणतात.

हा खेळ फौजेतून आला. फौजेला असा घोडा हवा होता, की जो संचलनात शहाण्यासारखा वागेल, निरोप घेऊन ओढे-बांध ओलांडत धावेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर उभा राहील. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये तो प्रथम आला.

पहिली परीक्षा ड्रेसाजची. आखलेल्या मैदानात पाऊल, दुडकी आणि संथ दौड ठरल्या क्रमाने करून दाखवायची. प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण. आपल्याकडे वरातीत घोडा नाचवतात, तसे हे नव्हे. इथे स्वाराने घोड्याला काय सांगितले ते बघणाऱ्याला कळता कामा नये. कामे होत आहेत आणि कोणी ओरडत नाही, असे घर आपण क्वचित पाहतो. तसे ते दिसते. जितके टक्के मिळाले ते शंभरातून वजा करतात आणि उरतो तो दंड. दंड ज्याचा कमी, तो जिंकला.

दुसऱ्या दिवशीची क्रॉस-कंट्री हा खेळाचा जीव. माळावरून, झाडीतून, पाण्यातून काही किलोमीटरची वाट. वाटेत ओंडके, चर, उतार. अडथळ्याच्या उजवीकडे लाल निशाण, डावीकडे पांढरे, आणि त्यांच्या मधूनच उडी. स्वार आदल्या दिवशी ही वाट पायी चालून पाठ करतो. घोड्याला मात्र ती दाखवत नाहीत. पाण्याच्या पलीकडे काय आहे हे त्याला ठाऊक नसते. पाठीवरच्या माणसावर भरवसा ठेवून तो उडी घेतो. मला या खेळाचे वेड लागले ते एवढ्यासाठी. घोडा अडला तर २० दंड, त्याच अडथळ्याशी पुन्हा अडला तर आणखी ४०. ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर सेकंदाला ०.४. स्वार पडला तर बाद. या भागात माणसे आणि घोडी दगावलीही आहेत. म्हणून आता काही अडथळ्यांना जोराचा धक्का बसताच ओंडका सुटून खाली येईल, असे खिळे बसवतात.

शेवटच्या परीक्षेआधी पशुवैद्य घोड्याला दुडकत नेऊन पाहतात. लंगडला, की खेळ संपला. मग शो जंपिंग. इथले दांडे नुसते टेकवलेले असतात आणि खूर लागला की पडतात. दर दांड्याला ४ दंड.

हिशेब करून पाहू. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळूरच्या फवाद मिर्झाला ड्रेसाजमध्ये २८ दंड झाला. क्रॉस-कंट्रीत उशिराचे ११.२० वाढले, म्हणजे २८ सेकंद. उड्यांच्या पहिल्या फेरीत दोन दांडे, ८. दुसरीत तीन दांडे आणि एक सेकंद, १२.४०. एकूण ५९.६० आणि तेविसावा क्रमांक. त्याआधी १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये याच खेळात रघुबीर सिंग, गुलाम मोहम्मद खान आणि प्रल्हाद सिंग यांनी तिन्ही वैयक्तिक पदके घेतली होती, शिवाय सांघिक सुवर्णही आपले. वैयक्तिक पदक पुन्हा मिळायला २०१८ उजाडले. ते रौप्य मिर्झाचेच.

आता ज्यासाठी उभी राहिले ते. या खेळात बायकांची निराळी स्पर्धा नाही. अंतर तेच, उंची तीच. पण ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगचे दार बायकांना १९६४ पर्यंत बंद होते. त्या वर्षी अमेरिकेची लाना ड्यूपाँट उतरली. क्रॉस-कंट्रीत ती दोनदा पडली, दोन्ही वेळा पुन्हा खोगिरावर चढली, आणि तिच्या संघाला रौप्यपदक मिळाले. (आजच्या नियमात ती पहिल्याच वेळी बाद झाली असती.) मिर्झा ज्या स्पर्धेत तेविसावा आला, ती जिंकली जर्मनीच्या यूलिया क्रायेव्स्कीने, अवघ्या २६ दंडावर. वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली बाई, आणि तिच्याखाली होती ती घोडीच. मिर्झाला शिकवणारी सांड्रा आउफार्थ हीसुद्धा बाईच.

आपल्यातल्या एका भगिनीची मुलगी शेतावरच्या घोडीवर बसते. मी पाहिले आहे, मांड पक्की आहे. दहावी झाली, आता हे बंद, असे घरी ठरले आहे. कारण? मुलीच्या जातीला शोभत नाही. मंडळाच्या भिंतीवर झाशीच्या राणीची तसबीर आहे. तिला आपण दर वर्षी हार घालतो. ती काय टांग्यात बसली आहे? कोणी म्हणेल, हा श्रीमंतांचा खेळ. आहेच; वैरण, नाल, वैद्य, शिकवणारा, सगळ्याला पैसा लागतो, आणि ती मुलगी ऑलिंपिकला जाईल असे मी म्हणत नाही. पण घोडी दारात आहे आणि चंदी ती आजही खाते.

येत्या दत्तजयंतीला त्या मुलीला घेऊन आपण पाचसहाजणी घोडेबाजारात तासभर थांबू. दुडकी कुठली, रेवाल कुठली, ते तीच आपल्याला दाखवील. तिच्या आईशी मी बोलते. वडिलांशी बोलायला मात्र अध्यक्षबाईंनी माझ्याबरोबर यावे, आणि चहाच्या वेळेला यावे. त्या वेळी ते घरी असतात.