अमेरिकेतला नोव्हेंबर

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेत तीन छंदांना रंग चढतो.

पहिला कादंबरीलेखनाचा. सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिस बेटी यांनी 1999 मध्ये 21 जणांसह हा उपक्रम सुरू केला. पुढच्या वर्षापासून तो नोव्हेंबरमध्ये होऊ लागला. अट एकच: 30 दिवसांत 50,000 शब्द, म्हणजे रोज सुमारे 1,667. खाडाखोड नंतर, आधी पहिला खर्डा हातावेगळा करायचा. संयोजक संस्थेने 2025 मध्ये गाशा गुंडाळला, पण ही रीत कुणालाही घरबसल्या पाळता येते.

दुसरा हरणांच्या शिकारीचा. विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीच्या शिकारीचा 9 दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे परवाने काढून रानात उतरतात. अंगात भडक केशरी किंवा गुलाबी जाकीट हवेच. दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस लांबूनच ओळखू यावा, म्हणून तसा कायदाच आहे.

तिसरा खरेदीचा. चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग झाले, की दुसऱ्या दिवशी ‘ब्लॅक फ्रायडे’ला नाताळच्या भेटवस्तूंसाठी दुकानांत झुंबड उडते.

श्रोतेहो, तुमच्याही मनात एखादी कथा घोळत असेल, तर मुहूर्ताची वाट पाहू नका. रोज एक पान लिहा. महिनाअखेरीस 30 पाने हाती असतील.