दुभंगलेला कणा आणि झोपेतील श्वास
स्पायना बायफिडा, म्हणजे गर्भातच मज्जारज्जूची नळी पूर्ण न मिटल्याने राहणारा कण्याचा दोष, याची चर्चा बहुधा पायांच्या दुर्बलतेपाशीच थांबते. परंतु त्याच्या गंभीर प्रकारात मेंदूचा मागील भाग कवटीच्या तळातील छिद्रातून मानेत उतरतो आणि कियारी-२ नावाच्या या विकृतीत श्वासाचे नियंत्रण करणारी केंद्रे बाधित होऊ शकतात. अशा नवजात बालकाचा श्वास झोपेत कधी मेंदूकडून आदेशच न आल्याने, तर कधी स्वरतंतू लुळे पडून वाट अरुंद झाल्याने खंडित होतो. घोरणे नाही म्हणून धोका नाही, हा समज चुकीचाच होय. निदानासाठी पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे झोपेतील श्वास, प्राणवायू व मेंदूलहरींची नोंद, केली जाते. श्वास घेताना कर्कश आवाज येत असल्यास किंवा ओठ निळसर दिसल्यास बाळाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.