राज्यशास्त्र कशासाठी शिकावे?



पदवीसाठी मी राज्यशास्त्र हा मुख्य विषय निवडला, तेव्हा घरी एकच प्रश्न निघाला : यातून नोकरी कोणती मिळणार? प्रश्न रास्त आहे. अभियंत्यासारखे ठरलेले पद या पदवीपुढे नसते. मग तीन वर्षे कशासाठी द्यावीत?

१९६२ साली मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश काढले. आपली मंडळी रस्त्यावर उतरली आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने आपले समान स्थान मान्य केले. ही हकीकत आपण सर्वांनी घरी ऐकली आहे. परंतु १९५३ च्या कायद्याने विवाह व घटस्फोटाचा अधिकार रब्बींच्या न्यायालयांकडे कसा गेला, हे मला वर्गात उमगले. या देशात अखंड लिखित संविधान नाही. सारा देश एकच मतदारसंघ असून भारतातल्याप्रमाणे आपल्या भागाचा प्रतिनिधी येथे नसतो. म्हणून लहान समाजाने गाऱ्हाणे कोठे मांडावे, हे जाणणारी माणसे आपल्यातच हवीत.

आपल्या मुलांपैकी कोणी हा विषय मागितला, तर कृपया त्यांना अडवू नये, ही नम्र विनंती.