वर येण्याची विद्या



मालवणला जाऊन ‘स्कूबा’ करून आलेले इथे किती जण आहेत, हात वर करा बघू. बरेच दिसतात. तुमच्या मोबाइलमध्ये तो व्हिडिओही असणार. हिरवट पाणी, तोंडासमोर पावाच्या तुकड्यांवर तुटून पडलेले मासे, आणि तुम्ही खुणा करताय की सगळं झकास आहे. त्या व्हिडिओत एक जण सहसा येत नाही. तुमच्या पाठीशी सिलिंडरची मान धरून राहिलेला तिथला पोरगा. किती खोल जायचं, जॅकेटमध्ये हवा कधी भरायची, वर कधी यायचं, हे सगळं तो बघत होता. तुम्हाला काम एकच, तोंडाने श्वास घेत राहायचं. यात काही कमीपणा नाही. पण त्या पोराला जे येतं त्याची निदान बाराखडी आपल्याला यावी असं मला पन्नाशीनंतर वाटलं, आणि आजचं बोलणं त्या बाराखडीबद्दल आहे.

तिला ‘ओपन वॉटर डायव्हर’ म्हणतात. पाडी ही 1966 मध्ये अमेरिकेत निघालेली संस्था. तिचं किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या एखाद्या संस्थेचं हे पहिलं कार्ड. ते मिळालं की तेवढंच शिकलेल्या जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत जाण्याची पात्रता येते. शिकायला तारकर्लीला आपल्या पर्यटन महामंडळाची संस्था आहे. मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी बेट आहे, अंदमानात स्वराज द्वीप आहे. आधी पुस्तकी भाग, मग तलावातला सराव, मग समुद्रात चार डुबक्या. पोहण्याची परीक्षा ऐकून घाबरू नका. 200 मीटर पोहायचं, वेळेची अट नाही, आणि 10 मिनिटं तरंगायचं. विहिरीत शिकलेल्या माणसाला हे जड नाही. जड आहे तो वैद्यकीय प्रश्नांचा कागद. दमा, हृदय, कान, फुप्फुसं. तिथे खरं लिहायचं. एखादं ‘हो’ आलं तर डॉक्टरांची सही आणायची, आणि डॉक्टर नको म्हणाले तर बोटीवर बसून ताजे बांगडे खायचे.

आता विहिरीत आपल्याला काय शिकवलं होतं? नाक दाब, श्वास धर, मार उडी. इथला पहिला नियम याच्या बरोबर उलट आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. का, ते शाळेतला बॉइलचा नियम सांगतो. समुद्रसपाटीला आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर 10 मीटरला आणखी एकेकाची भर पडते. म्हणजे 10 मीटरवर दाब दुप्पट. तिथे छातीभर हवा घेतली, श्वास कोंडला आणि तसेच वर आलात, तर ती हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसाकडे तेवढी जागा नसते. यातली गंमत, किंवा गंमत म्हणू नये असं म्हणजे, धोका सगळ्यात जास्त उथळ पाण्यात आहे. 20 वरून 10 मीटरवर येताना हवा दीडपट होते, पण 10 वरून पृष्ठभागावर येताना दुप्पट. तलावातल्या दीड मीटर पाण्यातसुद्धा नियम तोच. म्हणून तोंडातला रेग्युलेटर काढायला लावतात, तेव्हाही ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे. प्रशिक्षकाची नजर तुमच्या डोळ्यांवर कमी आणि त्या बुडबुड्यांवर जास्त असते.

हा रेग्युलेटर 1943 चा. फ्रान्समध्ये युद्धामुळे पेट्रोल मिळेना, मोटारी गॅसवर धावू लागल्या. एमिल गान्यां या इंजिनिअरने त्यांच्यासाठी एक झडप केली होती. जाक कुस्तो या नौदल अधिकाऱ्याला हवी होती अशी झडप, जी माणूस श्वास ओढेल तेव्हाच आणि भोवतीच्या दाबाइतकीच हवा देईल. दोघांनी मिळून ती जमवली. आपण तोंडात धरतो ती तिचीच नात.

सिलिंडरमध्ये प्राणवायू असतो हा एक ठाम गैरसमज. असते ती साधीच हवा, दाबून भरलेली. नेहमीचं सिलिंडर 11 लिटरचं, दाब 200 बार, म्हणजे साधारण 2,200 लिटर हवा. मिनिटाला 20 लिटर धरली तर पृष्ठभागावर पावणेदोन तासांवर पुरेल. 10 मीटरवर निम्मी, 20 मीटरवर तिसरा हिस्सा. त्यात नवशिका घाबरून धापा टाकतो, म्हणजे आणखी कमी. म्हणून दाबाच्या काट्याकडे सारखं बघायचं आणि काटा तळाला जायच्या आत, शिल्लक ठेवून, वर यायचं.

सगळ्यांना छळणारा धडा मात्र मुखवट्याचा. तलावाच्या तळाशी गुडघे टेकायचे आणि मास्कमध्ये आपल्याच हाताने पाणी भरून घ्यायचं. पाणी नाकपुड्यांशी येतं आणि सगळं शरीर म्हणतं, पळ वर. तिथे पळायचं नाही. मास्कची वरची कड कपाळावर दाबायची, मान किंचित वर करायची, नाकाने सावकाश फुंकायचं. खालच्या कडेतून पाणी निघून जातं. धट्टीकट्टी माणसं इथे अडतात आणि नाजूक दिसणाऱ्या मुली सहज पार होतात, हे मी पाहिलंय. ताकदीचा इथे काही उपयोग नाही.

आणि पाण्याखालच्या खुणांचं म्हणाल तर, अंगठा वर करायचा तो ‘वर चला’ म्हणायला. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवायची. जोडीदाराने अंगठा दाखवला की वर यायचंच, कारण विचारायचं ते बोटीवर.

वर येण्यातलं दुसरं संकट नायट्रोजनचं. दाबाखाली तो रक्तात, स्नायूंत विरघळतो. दाब झटकन उतरला की बुडबुडे होऊन निघतो, सोडा बाटलीचं झाकण उघडल्यासारखा. सांधे धरतात, कधी लकवाही भरतो. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग केले, आणि टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं 1908 मध्ये छापली. मुलगा जे. बी. एस. यालाही वडिलांनी पोरवयात पाणबुड्याचा पोशाख चढवून खाली सोडलं होतं. हाच मुलगा पुढे थोर जीवशास्त्रज्ञ झाला, भारताचा नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला. आज मनगटावरचा संगणक हिशेब करतो. तरी 5 मीटरवर तीन मिनिटं थांबून मगच वर यायची शिस्त आहे. त्या तीन मिनिटांत नुसतं लोंबकळायचं असतं. माझ्यासारख्या बोलघेवड्याला तीही मोठी शिक्षा.

दर व्याख्यानानंतर मला एक प्रश्न येतो: पाण्याबाहेर आलं की संपलं ना? नाही संपत. नायट्रोजन अजून अंगात असतो. म्हणून एका डुबकीनंतर 12 तास, आणि रोज डुबक्या मारल्या असतील तर किमान 18 तास विमानात बसायचं नाही. कोकणातून देशावर परतणाऱ्यांनी तर आणखी एक हिशेब करावा. उंची घाटालाही असते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर आहे, आणि 600 च्या पुढे हेच भान ठेवायचं असतं. सकाळी समुद्रात, दुपारी सोलकढी आणि संध्याकाळी आंबोलीमार्गे कोल्हापूर हा बेत डुबक्या मारणाऱ्याने करू नये. तारकर्लीला आणखी एक मुक्काम करावा, आणि घाट दुसऱ्या दिवशी चढावा.