तळाच्या धातूचा हात



कामगार संघटनेच्या माणसाने अणूंवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आम्ही धातूंत आयुष्य काढलेली माणसे. धातूच्या पोटात काय चालते हे जाणण्याचा हक्क आम्ही का सोडावा?

उजव्या आट्यांचा बोल्ट डाव्या आट्यांच्या नटात बसत नाही, हे प्रत्येक फिटर जाणतो. असे उजवे-डावेपण चुंबकत्वातही आढळते. त्या रचनेला शास्त्रज्ञ कायरल म्हणतात.

2007 साली जर्मनीतील हांबुर्गच्या प्रयोगकर्त्यांनी टंगस्टनवर मँगनीजचा अवघ्या एका अणूच्या जाडीचा थर तपासला. त्यातला प्रत्येक अणू म्हणजे इवलासा चुंबक. शेजाऱ्यांची तोंडे नेमकी उलट, म्हणजे 180 अंशांत असावीत, असे वाटे. चुंबकी टोकाच्या सुईने थर चाचपला, तेव्हा कोन निघाला सुमारे 173 अंशांचा. फरक अवघा सात अंशांचा! पण ओळीमागून ओळ तो साचत जातो आणि पन्नासएक ओळींत, सुमारे 12 नॅनोमीटरमध्ये, एक फेरा पुरा होतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. प्रयोगाला गणिताची जोड दिल्यावर कळले की, हे फेरे एकाच हाताचे आहेत, डावे.

हा हात ठरवतो कोण? थर अधांतरी असता तर वरची आणि खालची बाजू सारखीच. मग डावे काय नि उजवे काय! येथे मात्र वर पोकळी आणि खाली टंगस्टन. टंगस्टन स्वतः लोहचुंबक नव्हे. तरीही त्याच्या जड अणूंत इलेक्ट्रॉनची फिरकी आणि त्याचे भ्रमण घट्ट जखडलेले असते. म्हणून तो वरच्या शेजाऱ्याशेजाऱ्यांत मुरड घालतो. अशी मुरड संभवते हे सोव्हिएत रशियातील झ्यालोशिन्स्की यांनी 1950 च्या दशकात दाखवले. जपानी शास्त्रज्ञ मोरिया यांनी 1960 साली तिची मीमांसा केली.

उपयोग काय, असे आपण विचाराल. 2013 साली हांबुर्गलाच इरिडियमवरील लोखंड-पॅलेडियमच्या थरात स्किर्मिऑन नावाचे चुंबकी भोवरे एकेक करून लिहून व पुसून दाखवण्यात आले. त्यातून माहिती साठवण्याची नवी साधने घडतील, अशी आशा आहे. मात्र तो प्रयोग अतिशीत अवस्थेतला. तेथून कारखान्यापर्यंतची वाट लांब आहे.

अणूंचे नियम माणसांना चिकटवू नयेत, हे आम्ही जाणतो. परंतु केवळ वरचा थर न्याहाळणाऱ्याला या डाव्या फेऱ्याचे कारण कधीच सापडले नसते. कोणतीही रचना पाहिली की ती कशावर उभी आहे, हे विचारण्याची सवय आपण लावून घेऊ या.