घासाचा हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी नाटक-संगीताची, गणेशोत्सवाची आणि मातृभाषेच्या जतनाची चर्चा व्हावी हे उचितच होय. ती येथे झाली, आणि चांगली झाली. आम्हांस मात्र आज एका रुक्ष वाटणाऱ्या विषयाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. तो विषय म्हणजे श्रमणाऱ्या माणसाच्या ताटातील धान्य आणि त्यात होत जाणारी काटछाट. ज्या भूमीने आपणांस पोटाला दिले, तिच्या पोटाचा विचार करणे हेही मंडळाचेच कार्य आहे, अशी आमची धारणा आहे.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळात आणि त्यानंतर महाराष्ट्रातून, विशेषतः विदर्भातून, अनेक कुटुंबे येथे आली. कारखान्याने त्यांस सेक्टरांत घरे दिली, मुलांस शाळा दिल्या, आजारपणात रुग्णालय दिले आणि निवृत्तीनंतर भविष्यनिधी दिला. परंतु त्याच फाटकातून आत जाणारा दुसराही एक कामगार होता आणि आहे. तो ठेकेदाराचा माणूस. त्याचे काम तितकेच कष्टाचे, पण घर, शाळा, औषध यांची हमी त्याला नाही. जगण्यापुरते वेतन मिळावे ही या भागातील अशा कामगारांची जुनी मागणी. तिच्यासाठी लढणारे शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी याच नगरीत हत्या झाली, आणि १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. हा इतिहास आपल्या दारातला आहे.

मजुरी अपुरी असताना हा माणूस तगून राहिला, त्यात शिधापत्रिकेचा वाटा फार मोठा आहे. छत्तीसगढने या बाबतीत देशाला वाट दाखविली, हे आपण अभिमानाने सांगावे. २००४ च्या आदेशाने रेशनची दुकाने खाजगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था व महिला बचत गट यांच्या हाती दिली गेली. धान्य सरकारी व्यवस्थेने थेट दुकानाच्या दारापर्यंत पोहोचू लागले. २००७ साली तांदूळ ३ रुपये किलो झाला, पुढे अत्यंत गरिबांस तो १ रुपयाने मिळू लागला. डिसेंबर २०१२ मध्ये राज्याने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर, २०१३ साली आला.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, दिलेला घास काढून घेताना कोणी दवंडी पिटीत नाही. तो मोजमापाच्या वाटेने जातो. १९९७ साली देशभरात दारिद्र्यरेषेची आखणी करून शिधावाटपाचे दोन भाग करण्यात आले, आणि रेषेच्या जरा वर असलेला कष्टकरी स्वस्त धान्याला मुकला. आपल्या राज्यात कुटुंबांच्या संख्येहून शिधापत्रिका अधिक झाल्या होत्या, म्हणून २०१४ साली तपासणी झाली. तीत लाखो पत्रिका रद्द झाल्या, आणि त्या ओघात खरे गरजूही वगळले गेले. २०१५ साली सर्वसाधारण गरीब कुटुंबास सरसकट ३५ किलो देण्याऐवजी माणशी ७ किलो असे प्रमाण ठरले. पाच माणसांच्या घरी त्याने फरक पडला नाही. पण विधवा माता आणि तिची दोन मुले अशा घरचे ३५ किलो एकदम २१ वर आले. कागदावर हे समन्यायी दिसते. परंतु लहान कुटुंब हे पुष्कळदा दुबळे कुटुंब असते, ही गोष्ट गणितात येत नाही. पुढे २०१९ साली तीन ते पाच माणसांच्या घरास पुन्हा ३५ किलो देण्याचा निर्णय झाला. म्हणजे कपात ही काही दैवी आपत्ती नव्हे. ती माणसांनी केली आणि माणसांनीच मागे घेतली.

देशपातळीवरचे उदाहरण पाहा. महामारीत, एप्रिल २०२० पासून डिसेंबर २०२२ पर्यंत, मधले काही महिने वगळता, केंद्राच्या योजनेतून माणशी नेहमीच्या ५ किलोंखेरीज आणखी ५ किलो धान्य फुकट मिळे. जानेवारी २०२३ पासून नेहमीचे ५ किलो मोफत झाले आणि जादा ५ किलो बंद झाले. पाच जणांच्या कुटुंबाचा हिशेब करा. २५ किलो तांदळाचे ३ रुपयांप्रमाणे ७५ रुपये वाचले. पण दुसरे २५ किलो गेले. बाजारभाव ३० रुपये धरला तरी ते ७५० रुपयांचे होतात. ‘मोफत’ हा शब्द कानी पडला आणि पोते अर्धे झाले.

महाराष्ट्रातही निराळे घडलेले नाही. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतील केशरी पत्रिकाधारक शेतकऱ्यांचे धान्य २०२२ साली थांबले, आणि २०२३ पासून त्याऐवजी आरंभी माणशी दरमहा १५० रुपये देण्याचे ठरले. आपल्यापैकी अनेकांचे सगेसोयरे त्याच जिल्ह्यांत आहेत. भाव चढला की तेच रुपये कमी धान्य आणतात, हे गृहिणींस समजावून सांगावे लागत नाही. मुंबईच्या गृहिणींनी तर १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हाती लाटणे घेऊन महागाईविरुद्ध रस्ता धरला होता.

फुकटच्या धान्याने माणूस आळशी होतो, असे सुशिक्षितांच्या बैठकींत ऐकू येते. पहाटे आपल्या घरी भांडी घासावयास येणारी बाई, उन्हात विटा वाहणारा मजूर, भट्टीच्या धगीत उभा असलेला ठेका कामगार यांच्याकडे पाहून हे बोलावे! शिधा त्यांस कामापासून दूर नेत नाही; तो त्यांस दुसऱ्या दिवशी कामावर उभे राहण्याचे बळ देतो. ज्या मजुरीत घर चालत नाही, तिची उणीव ते धान्य भरून काढते. म्हणून शिधा कापणे म्हणजे मजुरी कापणेच होय. खोट्या पत्रिका शोधाव्यात, अवश्य शोधाव्यात. पण एक खोटे नाव गाळण्यासाठी खरे पोट उपाशी राहता कामा नये.

आता आपण काय करावे? आमची सूचना लहानशी आहे. आज शिधा अंगठ्याच्या ठशावर मिळतो, आणि ज्या हातांनी सिमेंट कालविले त्यांचे ठसे यंत्राला पुष्कळदा उमटत नाहीत. कोणाचे आधार जुळत नाही, कोणाची ई-केवायसी राहिलेली असते, कोणाच्या बाळाचे नाव चढलेले नसते. गावची पत्रिका परगावीही चालते, ही सोय छत्तीसगढात २०२२ साली आली, हे गोंदिया-भंडाऱ्याहून येथे आलेल्या मजुरास ठाऊक असतेच असे नाही. आपल्यापैकी कित्येकांचा जन्म कचेरीत गेला. अर्ज लिहिणे, पोच घेणे, तक्रारीचा पाठपुरावा करणे ही विद्या आपल्यापाशी आहे. आठवड्यातून एक सायंकाळ मंडळाच्या सभागृहात टेबल मांडून ती विद्या अशा माणसांसाठी खर्ची घालावी. येणाऱ्याची भाषा मराठी की छत्तीसगढी, हे तेथे विचारू नये.

अन्नाला आपण पूर्णब्रह्म म्हणतो. त्याची वाटणी चालली असताना रांगेतून कोण वगळला गेला, याची चौकशी करणारे मंडळ ही ओळख आपल्या संस्थेस पुढील पन्नास वर्षांत लाभो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.